ग्रुपवरच्या चर्चेचा गोषवारा : थोडी पार्श्वभूमी

मजकुराचा गोषवारा यंत्राकडून काढून घेण्याचा प्रयोग १९५८ सालचा. कोणता शब्द किती वेळा येतो ते मोजायचे आणि असे शब्द दाटीने आलेली वाक्ये उचलायची, एवढीच रीत. पुढची कित्येक वर्षे तिच्यातच सुधारणा होत राहिल्या.

खान्देशात गरज पडली ती सप्टेंबर २०१६ नंतर. डेटा स्वस्त झाला आणि रावेर-यावलचे केळीवाले व्हॉट्सअ‍ॅपवर आले. ग्रुपची मर्यादा तेव्हा २५६ होती. २०२२ मध्ये ती आधी ५१२, मग १०२४ झाली. शुभ सकाळ, वाढदिवस आणि 'भाव काय निघाला?' यांत कामाचा निरोप बुडू लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले. चॅट एक्स्पोर्ट करा, त्याला द्या, चार ओळी वाचा!

खरा वाद तिथून सुरू होतो : मूळ वाक्ये जशीच्या तशी उचलायची, की नव्याने लिहायची? उचलणाऱ्या पद्धतीत गर्दी जिंकते. पानावर पिवळे पट्टे दिसल्यावर दहा जण 'खत द्या' म्हणाले आणि एकानेच 'सीएमव्ही (केळीवरचा विषाणूजन्य रोग) आहे, झाड उपटून नष्ट करा' म्हटले, तर नेमका तोच गळतो. नव्याने लिहिणारी साधने वाचायला गुळगुळीत, पण त्यांची खोड जास्त महागात पडते. रावेरचा भाव वेगळा, बऱ्हाणपूरचा वेगळा. त्यात नवती (नव्या लागवडीचा माल), पिलबाग (जुन्या झाडांच्या पिलांचा माल) आणि वापसी यांचे आकडे निरनिराळे. हे सगळे 'आज केळीला अमुक भाव' असे एका वाक्यात मिटले, की व्यापाऱ्याशी बोलताना शेतकऱ्याच्या हातात काही राहत नाही. वापसी म्हणजे हलका माल, हे ठाऊक नसलेले यंत्र 'माल परत आला' असेही लिहून मोकळे होईल. भावाच्या ग्रुपला तरी उचललेलीच वाक्ये बरी, पाठवणाऱ्याच्या नावासकट.

जानेवारी २०२५ मध्ये एका बड्या मोबाइल कंपनीला बातम्यांच्या सूचनांचे आपोआप होणारे सारांश थांबवावे लागले. त्यांत न घडलेल्या गोष्टी छापून येत होत्या. जूनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपने न वाचलेल्या संदेशांचा सारांश आणला, तोही आधी अमेरिकेत आणि इंग्रजीत. तावडी बोलीतले, अहिराणीतले, रोमन लिपीत टाइप केलेले संदेश त्या रांगेत बरेच मागे आहेत. तोवर एक्स्पोर्टचीच वाट. व्हॉट्सअ‍ॅपचे २०१६ पासूनचे एन्क्रिप्शन (संदेश बाहेरच्याला वाचता येऊ नयेत म्हणूनचे कुलूप) तिथे संपते आणि सगळ्यांची नावे किंवा नंबर बाहेर जातात. बाकी सभासदांना त्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही.