चार मेगाबाइटच्या राउटरचा आधार कसा संपला

ओपनडब्ल्यूआरटी या राउटर चालवणाऱ्या मुक्त प्रणालीने ४ मेगाबाइट फ्लॅश (वीज गेल्यावरही टिकणारी साठवण) आणि ३२ मेगाबाइट रॅम (काम चालू असतानाची तात्पुरती मेमरी) असलेल्या राउटरसाठी अधिकृत आवृत्त्या काढणे २०२२ मध्ये कायमचे थांबवले. ज्या राउटरवरून या प्रकल्पाला नाव मिळाले त्याची फ्लॅशही ४ मेगाबाइटचीच होती, म्हणून हा निर्णय अनेकांच्या जिव्हारी लागला.

लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्याच्या आत लिनक्स ही मुक्त प्रणाली चालते हे २००३ मध्ये उघड झाले, तिच्या जीपीएल या मुक्त परवान्यानुसार सोर्स कोड (प्रणालीचा मूळ लिखित मजकूर) खुला करण्याची मागणी झाली आणि कंपनीने तो त्याच वर्षी दिला. त्यातूनच २००४ च्या जानेवारीत ओपनडब्ल्यूआरटी उभे राहिले. पुढे २००५ मध्ये कंपनीने त्याच नावाच्या राउटरची मेमरी निम्म्यावर आणून लिनक्सऐवजी व्हीएक्सवर्क्स ही बंदिस्त प्रणाली बसवली. मात्र डब्ल्यूआरटी५४जीएल हे वेगळे मॉडेल काढून लिनक्सची वाट मोकळी ठेवली, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवे.

नंतरच्या काळात टीपी-लिंकचा स्वस्त डब्ल्यूआर८४१एन असाच घरोघरी पोहोचला. जर्मनीतील फ्रायफुंकच्या स्वयंसेवकांनी आपले सामुदायिक वायरलेस जाळे विणताना तो मोठ्या प्रमाणावर वापरला. खरी अडचण त्याच्या फ्लॅशमध्ये होती. कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि मूळ प्रणाली भरल्यावर उरलेल्या जागेत वापरकर्त्याच्या सेटिंग साठवल्या जातात, आणि त्यासाठी ६४ किलोबाइटचे किमान पाच ठोकळे मोकळे लागतात. तेवढी जागा उरली नाही तर सेटिंग फक्त रॅममध्ये राहतात आणि वीज गेली की पुसल्या जातात. कर्नल दरवर्षी वाढत होता. तो जुनाच ठेवावा तर सुरक्षेच्या त्रुटी तशाच राहणार होत्या.

प्रकल्पाने ही कोंडी लपवली नाही. असे राउटर नव्याने विकत घेऊ नका, असा इशारा बराच आधी प्रसिद्ध झाला, १९.०७ ही अशा यंत्रांसाठीची शेवटची मालिका ठरली आणि तिची अखेरची आवृत्ती १९.०७.१० एप्रिल २०२२ मध्ये आली. जुन्या आवृत्त्या आणि सोर्स कोड आजही उपलब्ध असल्यामुळे ज्याला जमेल तो वेब इंटरफेस वगळून स्वतःची प्रणाली बांधू शकतो. चालू स्थितीतले यंत्र बाजूला ठेवावे लागल्याची नाराजी रास्तच होती, पण कारण कोणालाही स्वतः मोजून पाहता येत होते आणि प्रकल्पाला नवे राउटर विकायचे नव्हते, त्यामुळे हेतूवर संशय घेण्यास फारसा वाव राहिला नाही, असे मला वाटते.

प्रकल्पाला राउटर विकायचे नव्हते, ही बाजू मात्र आता तशीच राहिलेली नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये १ गिगाबाइट रॅमचा ओपनडब्ल्यूआरटी वन हा प्रकल्पाचा स्वतःचा राउटर आला आणि त्याच्या प्रत्येक विक्रीमागे १० डॉलर प्रकल्पाच्या कामासाठी सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या मुक्त सॉफ्टवेअरला मदत करणाऱ्या ना-नफा संस्थेकडे जमा होतात. हे यंत्र जुने होईल तेव्हा त्याचा आधार कधी थांबवायचा, हे प्रकल्पाला विक्रीशी संबंध असलेला पक्ष म्हणून ठरवावे लागेल.