दिवस गेल्यावरचे पहिले तीन महिने आणि आपला व्यायामवर्ग

पाळी चुकल्याचं लक्षात आलं, चाचणीत दोन रेघा दिसल्या, की आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी दोनपैकी एक करतात. काही न कळवता वर्ग सोडतात, नाहीतर काही न कळवता पूर्वीच्याच जोमाने व्यायाम करत राहतात. बातमी एवढ्यात कुणाला सांगायची नसते, हे आम्हाला समजतं. पण पोट दिसायला लागेपर्यंत तुमचा व्यायाम बदलायला हवा हे आम्हाला बघून कळू शकत नाही, आणि काही बदल तर पहिल्याच आठवड्यांत करावे लागतात. म्हणून एवढीच विनंती : वर्ग घेणाऱ्या ताईंच्या कानावर घाला. बाकीच्या जणींना त्याचा पत्ता लागणार नाही.

गर्भाला धक्का तर बसणार नाही ना?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारते. गर्भधारणेत गुंतागुंत नसेल, तर मध्यम व्यायामाने गर्भपाताचा धोका वाढत नाही. सुरुवातीच्या काळातल्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांच्या मागे गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो. आई चालली की बसून राहिली, त्याने तो दोष बदलत नाही. शिवाय साधारण 12 आठवड्यांपर्यंत गर्भाशय कटीच्या हाडांच्या आतच असतं आणि गर्भ पाण्याच्या पिशवीत. हे मुद्दाम लिहितोय, कारण एखादीचा गर्भ टिकला नाही तर आजूबाजूचे लोक लगेच तिच्या व्यायामाकडे बोट दाखवतात, आणि ती बिचारी आयुष्यभर स्वतःला दोष देत राहते. हा तिच्यावर अन्याय आहे.

भीतीला जुना आधारही आहे. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1985 मध्ये सांगितलं होतं की गरोदरपणात नाडीचे ठोके मिनिटाला 140 च्या वर जाऊ देऊ नयेत आणि जोराचा व्यायाम 15 मिनिटांपेक्षा जास्त करू नये. 1994 मध्ये त्यांनीच ही मर्यादा काढून टाकली, तरी 140 चा आकडा अजून ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 चा सल्ला असा आहे की, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर गरोदर बाईने आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करावा. नियमित व्यायामाने गरोदरपणातला मधुमेह आणि गरजेपेक्षा जास्त वाढणारं वजन या दोन्हींची शक्यता कमी होते.

मध्यम म्हणजे किती, हे घड्याळापेक्षा तुमचं बोलणं चांगलं सांगतं. व्यायाम करताना दम लागावा, पण पूर्ण वाक्य बोलता यावं. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा. ठोके मोजायचं मनगटी यंत्र असेल तरी त्याच्यावर विसंबू नका, कारण गरोदरपणात नाडी बसल्या जागीच पूर्वीपेक्षा जलद चालते.

अंगात काय चाललेलं असतं

बाहेरून काही दिसत नसलं तरी शरीर कामाला लागलेलं असतं. रक्ताचं प्रमाण वाढायला लागतं, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब थोडा उतरतो. म्हणून वाकून एकदम उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. जमिनीवरून उठताना आधी कुशीवर वळा, मग बसा, मग उभ्या राहा. व्यायाम संपवतानाही एकदम थांबू नका, दोन-चार मिनिटं सावकाश चाला.

रिलॅक्सिन नावाचं संप्रेरक याच महिन्यांत चांगलंच वाढलेलं असतं आणि सांध्यांना धरून ठेवणारे बंध त्यामुळे सैल पडू शकतात. एरवी न जमणारं स्ट्रेचिंग अचानक जमायला लागलं तर हुरळून जाऊ नका. पूर्वी जिथे थांबत होता तिथेच थांबा.

सगळ्यात जास्त जपायचं ते उष्णतेला. बाळाचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती नळी गर्भधारणेनंतर साधारण चौथ्या आठवड्यातच बंद होते, म्हणजे पुष्कळ जणींना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते तेव्हा. त्या काळात आईच्या शरीराचं आतलं तापमान 39 अंश सेल्सिअसच्या वर जाऊन राहिलं तर त्या नळीत दोष राहण्याचा धोका वाढतो. साध्या हवेशीर खोलीतल्या मध्यम व्यायामाने तापमान सहसा तिथपर्यंत जात नाही. पण तापवलेल्या खोलीतला योग, सॉना, गरम पाण्याचा टब हे पूर्ण बंद. ताप असेल त्या दिवशी वर्गाला येऊ नका. आमच्याकडे पंख्याखालची किंवा दाराजवळची जागा गरोदर बाईची असते, मागायला संकोच नको.

वर्गात काय बदलतो

चालणं, स्क्वॉट, भिंतीला टेकून पुश-अप, हलके डंबेल हे सगळं चालू राहतं. वजन उचलताना श्वास रोखायचा नाही. जोर लावताना सोडायचा. कपालभाती आणि भस्त्रिका आम्ही करू देत नाही. तोल जाऊन पडण्याची भीती असलेले आणि पोटावर मार लागू शकेल असे प्रकारही नाहीत. पाठीवर झोपून करायचे व्यायाम पहिल्या तीन महिन्यांत चालतात, पण पुढे वाढलेल्या गर्भाशयाचा मोठ्या शिरेवर दाब पडतो, म्हणून तेव्हा ते बदलून देतो. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम मात्र आत्ताच शिकून घ्या, बाळंतपणानंतर लघवीवरचा ताबा टिकवायला त्याचा उपयोग होतो.

पूर्वी कधीच व्यायाम केला नसेल तर दिवसाला 10 मिनिटांपासून सुरू करा आणि हळूहळू वाढवा.

मळमळ आणि थकवा याच महिन्यांत जास्त असतो. सकाळी पोट ढवळत असेल तर संध्याकाळच्या वर्गाला या. उपाशीपोटी येऊ नका, तासभर आधी थोडं खा, पाण्याची बाटली जवळ ठेवा. नुसतं स्ट्रेचिंग करून गेलात तरी तो वर्ग झाला असंच आम्ही धरतो.

आधी डॉक्टरांना विचारा

हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा आजार, जास्त प्रमाणातला रक्तक्षय, गर्भाशयाच्या तोंडाला घातलेला टाका, अंगावरून रक्त जाणं, पोटात एकापेक्षा जास्त बाळं किंवा आधीचे गर्भपात यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय आम्ही व्यायाम सुरू करत नाही. त्यांना नुसतं 'व्यायाम करू का' असं विचारू नका. वर्गात काय काय करता ते सांगा.

लगेच थांबा आणि डॉक्टरांना फोन करा

रक्त किंवा पाणी जायला लागलं, पोटात दुखलं किंवा कळा आल्या, छातीत दुखलं, व्यायाम सुरू करण्याआधीच दम लागला, चक्कर किंवा डोकेदुखी थांबेना, एकाच पायाची पोटरी दुखून सुजली, तर 'एवढा सेट पूर्ण करते' म्हणू नका. वर्गातल्या कुणालाही हाक मारा.

मध्येच थांबावं लागलं तर

'सध्या येत नाही' एवढा निरोप पुरे. कारण आम्ही विचारणार नाही. उरलेले वर्ग तुमच्या नावावर तसेच राहतील, आणि परत याल तेव्हा डॉक्टरांशी बोलून कुठून सुरुवात करायची ते ठरवू.