सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं? हद्दीपलीकडच्या एका प्रश्नाची पार्श्वभूमी

मुंबईत मुलाचा बुद्ध्यांक तपासून घ्यायला गेलेल्या आईवडिलांच्या हाती जो अहवाल येतो, त्यावर अनेकदा 'बिने-कामत' असं चाचणीचं नाव लिहिलेलं असतं. बिने फ्रेंच होते हे कोणीतरी सांगतं, कामतांबद्दल मात्र कोणी विचारत नाही. व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात धारवाडला स्टॅनफर्ड-बिने चाचणी, म्हणजे बिनेंच्या बुद्धिमापन चाचणीची अमेरिकी आवृत्ती, मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बसवली. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. दोन्ही भाषांतली मुलं एकाच इलाख्यातली, म्हणून दोघांना चालेल अशी मापपट्टी हवी, इतका तो साधा हिशेब होता. पुढे राज्यं वेगळी झाली, पण चाचणीला त्याचा फरक पडला नाही.

चाचणी हद्द सहज ओलांडते. ती घेणाऱ्या माणसाची पात्रता ओलांडत नाही. एका देशातला सायकॉलॉजिस्ट शेजारच्या देशातही सायकॉलॉजिस्ट मानला जाईल का, हा तो प्रश्न. शेजारशेजारच्या देशांतल्या मानसशास्त्र संघटना एकत्र आल्या त्या बऱ्याच अंशी यासाठी, आणि दक्षिण आशियात गाडी अडली आहे तीही इथेच.

सुरुवातीला ही अडचण नव्हती. कोलकाता विद्यापीठात 1916 साली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला. तो चालवणारे नरेंद्रनाथ सेनगुप्ता हार्वर्डला शिकून आले होते. 1924 साली इंडियन सायकॉलॉजिकल असोसिएशन स्थापन झाली. तेव्हाचं 'इंडियन' म्हणजे लाहोर आणि ढाकासुद्धा. आज ज्याला आपण प्रादेशिक सहकार्य म्हणू, ते त्या काळी एका संघटनेचं घरगुती कामकाज होतं. फाळणीने देश तोडला, तसं हे घरही तोडलं.

मुंबईची वाट थोडी वेगळी. इथे मानसशास्त्र समाजकार्याच्या दाराने आलं. 1936 साली नागपाड्याला सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य संस्थेने, म्हणजे आजच्या 'टिस'ने, पुढच्याच वर्षी बालमार्गदर्शन केंद्र काढलं. ते देशातलं पहिलं मानलं जातं. 1938 मध्ये जे. जे. रुग्णालयात डॉ. के. आर. मसानींनी मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. मुंबई विद्यापीठाचा विभाग त्यानंतर बराच उशिरा, 1959 साली आला, आणि त्याच्या नावातच 'उपयोजित' हा शब्द आहे. पुस्तकी मानसशास्त्रावर या शहराचं फारसं भागलं नाही, असं मला त्यावरून वाटतं.

बाहेर काय चाललं होतं? 1951 साली स्टॉकहोमच्या परिषदेत देशोदेशींच्या मानसशास्त्रीय संघटनांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. त्याच वर्षी डिसेंबरात मेक्सिको सिटीत उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांची आंतर-अमेरिकी संस्था उभी राहिली. दोन्हींचा भर संशोधन आणि परिषदांवर होता. व्यवसायाच्या प्रश्नाला सरळ हात घातला तो युरोपने. 1981 साली जर्मनीत बारा देशांच्या संघटनांनी महासंघ केला. कारण व्यावहारिक होतं. माणसं एका देशात शिकून दुसऱ्या देशात नोकरी करणार, मग त्यांच्या पदवीचा अर्थ दोन्हीकडे एकच हवा. 1995 साली त्यांनी नीतिसंहितांची संहिता केली, म्हणजे प्रत्येक देशाच्या नियमावलीत किमान काय असलंच पाहिजे याचा आराखडा. नंतर 'युरोसाय' प्रमाणपत्र आलं: पाच वर्षांचं विद्यापीठीय शिक्षण आणि एक वर्ष अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम.

आशिया-आफ्रिकेतली गोष्ट इतकी सरळ नाही. इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर यांच्या संघटनांनी आसियानच्या नावाने आपला संघ केला. आफ्रिकेच्या संघाची पहिली मोठी परिषद 2017 साली डर्बनला झाली. आशियाई सामाजिक मानसशास्त्र संघटना 1995 ची, आणि तिची 2009 ची परिषद दिल्लीत भरली होती. पण ती संशोधकांची. परिषदेतल्या ओळखींतून शोधनिबंध निघतात, परवाना निघत नाही.

2008 साली बर्लिनमध्ये मान्य झालेल्या, मानसशास्त्रज्ञांसाठीच्या जागतिक नीतितत्त्वांच्या घोषणेकडे आपल्या बाजूने बघण्यासारखं आहे. तिचं पहिलं तत्त्व व्यक्तींच्याच नव्हे, तर जनसमुदायांच्याही प्रतिष्ठेचा आदर करायला सांगतं. व्यक्ती आणि समुदाय ही जोडी मुंबईतल्या कुठल्याही समुपदेशकाला लगेच कळेल. पोराला घेऊन आई येते, आत्या सोबत असते, बाबा खाली गाडीत बसलेले असतात. संमतीच्या कागदावर सही एकाची, निर्णय मात्र चौघांचा. पाश्चात्त्य नियमावलीत ही आत्या बसत नाही. शेजारी देश मिळून नियम लिहू लागले, तर ढाका, कोलंबो, काठमांडूमध्येही हीच आत्या भेटेल, आणि तिच्यासाठी चार ओळी एकदाच लिहाव्या लागतील.

भाषेचंही तेच. कोलकात्यात बंगालीत प्रमाणित केलेली चाचणी ढाक्यात, चेन्नईतली तमिळ चाचणी जाफन्यात थोड्या फेरफाराने वापरता यावी. मग अडतं कुठे? सार्क 1985 साली ढाक्यातच जन्मली, पण 2014 च्या काठमांडू परिषदेनंतर तिचं शिखर संमेलनच झालेलं नाही. राजकारण आडवं येतं, हे खरंच. पण सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. टेबलाशी बसायचं तर आपल्याकडून कोण बसणार, हेच आधी ठरत नाही. 1962 ची उपयोजित मानसशास्त्राची अकादमी, 1968 ची चिकित्सा (क्लिनिकल) मानसशास्त्रज्ञांची, म्हणजे मानसिक आजारांचं निदान आणि उपचार करणाऱ्यांची, संघटना, 1989 ची नॅशनल अकॅडमी ऑफ सायकॉलॉजी, आणि शिवाय ती 1924 ची थोरली. प्रत्येकीचं काम वेगळं, पण कोणीही 'आम्ही सगळ्यांच्या वतीने' म्हणू शकत नाही.

कायद्याचीही तीच तऱ्हा. 1992 चा पुनर्वसन परिषद कायदा अपंगत्वाच्या क्षेत्रापुरता, म्हणून 'सीआरआर नंबर', म्हणजे त्या परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतला क्रमांक, मिळतो तो प्रामुख्याने क्लिनिकलवाल्यांना. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आहे, इतर सायकॉलॉजिस्टची नाही. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने बाकीच्या सायकॉलॉजिस्टना पहिल्यांदा यादीत घेतलं. त्याचा आधार घेत यूजीसीने 2025 च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ अभ्यासक्रम बंद करायला सांगितले. नोकरी सांभाळून एम. ए. करणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली, तरी हाताखाली काम न करता हा व्यवसाय शिकता येत नाही, हा मुद्दा मला पटतो.

आता कालिन्याहून, म्हणजे मुंबई विद्यापीठातून, एम. ए. झालेल्या मुलीने युरोपात अर्ज करायचा म्हटलं तर वर्षांचा हिशेब कागदावर जुळतो: पदवीची तीन, पदव्युत्तर दोन. पण टीवायबीएचे, म्हणजे बी. ए.च्या शेवटच्या वर्षाचे, सहा पेपर म्हणजे तिन्ही वर्षं मानसशास्त्र का, असा पहिला प्रश्न तिथे येतो. त्यातून सुटलीच, तर उरतं ते देखरेखीखालचं सहावं वर्ष. ते तिने दादरच्या एखाद्या क्लिनिकमध्ये अनुभवी बाईंच्या हाताखाली कदाचित केलेलंही असतं. फॉर्मवर मात्र त्या बाईंचा नोंदणी क्रमांक मागितला, आणि बाई क्लिनिकलवाल्या नसतील, तर तो आणायचा कुठून?