भिंतीच्या प्लेटा आणि १६ तासांचा आकडा : एक पार्श्वभूमी

ओतलेले काँक्रीट घट्ट होईपर्यंत किती तास साच्यात ठेवायचे, त्याची ही गोष्ट. वऱ्हाडात अशा साच्याला 'सेंट्रिंग' म्हटले की डोळ्यांपुढे स्लॅब येतो. भिंत ओतायला दोन्ही बाजूंना उभ्या करतात त्या प्लेटांना कुणी शटरिंग म्हणते, कुणी फर्मा, आणि नागपूरच्या टॉवरवर काम करून आलेला पोरगा सरळ 'मायवान' म्हणतो. मायवान हे मुळात एका कंपनीचे नाव. आता ते ॲल्युमिनियमच्या कुठल्याही साच्याला चिकटले आहे.

उभ्या साच्यात भिंत ओतण्याची रीत आपल्या गावांत जुनी नाही. पांढरीतल्या, म्हणजे गावठाणातल्या, घरांच्या आणि गढ्यांच्या मातीच्या भिंती हाताने थरावर थर देत चढल्या. पुढे विटा आल्या, आणि सिमेंट आले ते आधी स्लॅबपुरते. तिकडे अमेरिकेत एका नामवंत संशोधकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ओतीव लोखंडाच्या साच्यांत अख्खे घर ओतायचा घाट घातला होता. साचेच इतके महाग आणि किचकट निघाले की तो धंदा चालला नाही. हा अडसर अजून गेलेला नाही. २०१६ च्या घरकुल योजनेने सपाट भागात १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर ठरवले, एवढ्या हिशेबात ॲल्युमिनियमचा संच कोण आणणार? तेच साचे एकसारख्या शेकडो खोल्यांवर फिरले तरच परवडतात.

म्हणून गावाकडे ओतीव भिंत आली ती घरातून नाही, पाण्यातून. सिमेंट नाला बांध, त्याच्या बाजूच्या भिंती, पुलाजवळच्या रिटेनिंग वॉल, बागेतले हौद. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार सुरू झाले आणि नाल्यांवरची कामे वाढली, तशा भाड्याच्या लोखंडी प्लेटा गावोगाव दिसू लागल्या. त्याआधी सागाच्या किंवा आडजात फळ्या, बल्ल्या आणि पाचरी. फळी दोन-चार ओतकामांत वाकते, खिळ्यांनी फाटते. अँगलच्या चौकटीची ३ बाय २ फुटांची प्लेट वर्षानुवर्षे चालते. मात्र दर वेळी जळक्या ऑइलचा पोचा फिरवायला हवा आणि खोलल्यावर कडा खरवडायला हव्यात.

प्लेटा लावायची पद्धत मिस्त्रींना माहीत आहे, ती सांगत बसत नाही. रेट्याचा हिशेब मात्र अनेकांच्या अंदाजापेक्षा मोठा असतो. ओले काँक्रीट घनमीटरला साधारण २४०० किलो. दीड मीटर भिंत एका दमात भरली, तर तळाशी आडव्या लावलेल्या एका ३ बाय २ च्या प्लेटीवर दीड टनाच्या वर रेटा येतो. त्यामुळे भिंतीत बाहेरून टेकू पुरत नाहीत, दोन्ही बाजूंच्या प्लेटा आरपार बोल्टने एकमेकींना बांधाव्या लागतात. एक बोल्ट विसरला की प्लेटीला पोट येते, आणि ते पोट जन्मभर भिंतीवर राहते.

भांडण होते ते प्लेटा कधी खोलायच्या यावरून, आणि त्याचा इतिहास थोडा सविस्तर सांगायला हवा.

आपल्याकडे काँक्रीटच्या कामाचे मानक म्हणजे आय.एस. ४५६. त्याच्या १९७८ च्या आवृत्तीत भिंती, कॉलम आणि इतर उभ्या बाजूंचे साचे २४ ते ४८ तासांनी काढावेत, नेमके केव्हा ते कामावरच्या इंजिनिअरने ठरवावे, असे होते. २००० च्या आवृत्तीत तो आकडा १६ ते २४ तास झाला. स्लॅबखालच्या टेकूंचे दिवस जवळपास होते तसेच राहिले. उतरला तो भिंतीचा आकडा.

उतरायला कारण होते. मधल्या काळात सिमेंट बदलले. १९८७ मध्ये ५३ ग्रेडच्या (ग्रेड म्हणजे ताकदीची प्रत) सिमेंटचे मानक आले, ४३ ग्रेड सर्रास झाले, आणि काँक्रीट लवकर ताकद धरू लागले. शिवाय उभ्या भिंतीवर त्या वेळी स्वतःच्या वजनाखेरीज भार नसतो. १६ तासांत साचा काढला म्हणून भिंत कोसळत नाही. ज्यांना तो आकडा बरोबर वाटतो, त्यांचे म्हणणे इथपर्यंत मला मान्य आहे.

पण त्या आकड्याच्या वर एक वाक्य आहे, ते कुणी वाचत नाही. हे तास साध्या पोर्टलँड सिमेंटचे, हवेचे तापमान १५ अंशांखाली जात नसेल आणि पाणी नीट मारले जात असेल तेव्हाचे. खरा नियम वेगळाच आहे : साचा काढताना काँक्रीटवर जेवढा ताण येणार, त्याच्या किमान दुप्पट ताकद त्यात आलेली असावी. दुसरे सिमेंट किंवा थंडी असेल, तर तास 'योग्य प्रमाणात' बदलावेत. किती, ते लिहिलेले नाही.

आता गावातल्या दुकानात कोणती गोणी मिळते ते बघा. बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेले. चंद्रपूर-कोराडीच्या औष्णिक केंद्रांच्या मुलखात राखेची कमतरता नाही, आणि पीपीसी वाईटही नाही. पाण्याच्या कामाला तर ते चांगलेच. पण ते सावकाश धरते. सिमेंटच्या मानकांप्रमाणे ४३ ग्रेडच्या साध्या सिमेंटला ३ दिवसांत किमान २३ मेगापास्कल ताकद हवी, पीपीसीला १६ पुरतात. पाणी मारण्याच्या बाबतीत आय.एस. ४५६ च्या २००० च्या आवृत्तीने हा फरक स्पष्ट धरला आहे : साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला १०, आणि कोरड्या उष्ण हवेत मिश्र सिमेंटला १४ दिवसांची शिफारस. साचा काढायच्या तासांत मात्र तो फरक इंजिनिअरच्या समजुतीवर सोडला, आणि नाल्यावर इंजिनिअर रोज नसतो. मला ही त्या आवृत्तीची चूक वाटते.

राहिले तापमान. डिसेंबर-जानेवारीत नागपूर-गोंदियाकडे रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास येतो, कधी त्याखालीही. वरूडकडे संत्र्याच्या बागेत एका हौदाच्या भिंतीवर मी उभा होतो. शेतीची लाइन संध्याकाळी आली, म्हणून पाणी संध्याकाळी, म्हणून काँक्रीटही संध्याकाळी. रात्री ८ वाजता शेवटची पाटी पडली. प्लेटवाल्याचा निरोप आधीच येऊन बसला होता : "सकाऊन प्लेटा खोलून देजा भाऊ, बारा वाजता गाडी येते." दुपारी १२ म्हणजे बरोबर १६ तास. पुस्तकात बसत होते. फक्त त्यातले बरेचसे तास थंड रात्रीचे होते.

पहिली प्लेट सब्बलीने हलवली तेव्हा भिंतीचा कोपरा तिच्यासोबत आला, हातभर लांब. उरलेल्या भागावर नख ओढले तर पांढरी रेघ उठली. बोल्ट ठोकून बाहेर काढले तशा भोकांच्या कडा ढिल्या झाल्या. भोके मसाल्याने बुजवली, वरून प्लॅस्टर झाले. हौद भरला तेव्हा ओल नेमकी त्या भोकांभोवती गोल उमटली. त्याच आठवड्यात त्याच प्लेटा दुसऱ्या बागेत लागल्या होत्या.

मिस्त्रीचा दोष काढणे सोपे आहे. पण प्लेटेचे भाडे दिवसावर असते, आणि एक संच दोन कामांवर फिरला तरच ठेकेदाराला काही उरते. १९७८ च्या २४ ते ४८ तासांत ते गणित बसत नव्हते, २००० च्या १६ तासांत बसले. 'किमान' म्हणून लिहिलेला आकडा असा 'वेळ' झाला.

उन्हाळ्यात गोष्ट उलटी होते. मे महिन्यात काँक्रीट भराभर आवळते, १६ तास भरपूर होतात. पण उघडी पडलेली भिंत ४५ अंशांच्या उन्हात तासाभरात कोरडी पडते. तेव्हा प्लेट राहू देणे हेच अर्धे पाणी मारणे. ते शक्य नसेल तर खोलल्याबरोबर ओले बारदान लटकवावे लागते. खारपाणपट्ट्यात पूर्णेकाठच्या गावांत आणखी एक अडचण : सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, आणि तिथल्या विहिरीचे पाणी तपासल्याशिवाय वापरण्यासारखे नसते. तिथे टँकर लागतो. टँकर उशिरा आला की ओतकाम पुन्हा संध्याकाळवर जाते.

अलीकडे काही ठेकेदारांनी हिवाळ्यात भिंतीच्या कामापुरते साधे ४३ ग्रेड मागवायला सुरुवात केली आहे. काहींनी भाडे दिवसाऐवजी ओतकामावर ठरवले आहे, म्हणजे प्लेट दोन रात्री राहिली तरी पैसे तेवढेच. हे दुसरे जिथे झाले, तिथे सकाळी सब्बल घेऊन कुणी उभे राहत नाही.