सुडो
सुडो ही लिनक्स, मॅकओएस, फ्रीबीएसडी अशा युनिक्स धर्तीच्या प्रणालींवर वापरली जाणारी कमांड. तिच्या आधारे एखादा वापरकर्ता नेमून दिलेले काम दुसऱ्याच्या, बहुतेक वेळा रूटच्या, अधिकाराने करू शकतो. रूट म्हणजे ० क्रमांकाचा वापरकर्ता. फाइलींवरच्या नेहमीच्या परवानग्या त्याला अडवत नाहीत. त्याचा पासवर्ड चारचौघांत वाटला गेला, की कोणी काय केले याचा माग लागत नाही आणि एकाने नोकरी सोडली तरी तो सगळ्यांसाठी बदलावा लागतो. सुडो सहसा ज्याचा त्याचाच पासवर्ड विचारते आणि कोणी, केव्हा, कोणती कमांड चालवली याची नोंद लॉगमध्ये ठेवते.

पहिली आवृत्ती १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील संगणकशास्त्र विभागात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी व्हॅक्स-११/७५० यंत्रासाठी लिहिली. १९९० च्या दशकापासून टॉड मिलर तिची देखभाल करत आले आहेत.

शिकणाऱ्याचा पहिला संबंध गटांशी, म्हणजे एकत्र अधिकार देण्यासाठी केलेल्या वापरकर्त्यांच्या याद्यांशी, येतो. लिनक्सच्या प्रकारांपैकी उबुंटू आणि डेबियनवर ‘सुडो’, फेडोरा व रेड हॅटवर ‘व्हील’, तर मॅकओएसवर ‘अ‍ॅडमिन’ गटातल्यांना पूर्ण अधिकार मिळतात. लिनक्सवर ‘यूजरमॉड’ या खाते बदलण्याच्या कमांडने गटात नाव घालताना कॅपिटल ‘जी’सोबत लहान ‘ए’ हा पर्याय द्यायलाच हवा. तो राहिला, तर आज्ञेत न लिहिलेल्या बाकी सगळ्या जोड गटांतून (मुख्य गटाखेरीजच्या गटांतून) ती व्यक्ती बाहेर पडते. नाव घातल्यावर पुन्हा लॉग-इन केल्याशिवाय नवा अधिकार लागू होत नाही. इथे बरेच जण विनाकारण अडतात.

खरे काम ‘ईटीसी’ निर्देशिकेतील ‘सुडोअर्स’ फाइलीत असते. तिथल्या नियमात कोण, कोणत्या यंत्रावर, कोणाच्या नावाने, कोणती कमांड एवढे ठरते. एकाच कामाला दोन नियम लागू पडत असतील, तर शेवटचा चालतो; म्हणून ओळींचा क्रम महत्त्वाचा. फाइल ‘व्हिसुडो’ या त्यासाठीच्या साधनानेच उघडावी. ते फाइलीला कुलूप लावते आणि व्याकरण तपासल्याशिवाय बदल पक्का करत नाही. जुन्या आवृत्त्यांत एका चुकीच्या ओळीने सुडोच बंद पडे, आणि उबुंटूसारख्या ठिकाणी, जिथे रूटचा पासवर्ड मुळातच बंद असतो, यंत्र रिकव्हरी मोडमध्ये सुरू करावे लागे. बदल करताना दुसरे टर्मिनल रूट म्हणून उघडे ठेवण्याची सवय आजही सोडू नये. वेगळ्या फाइली ‘सुडोअर्स डॉट डी’ निर्देशिकेत ठेवता येतात, पण नावात टिंब असलेली फाइल तिथे मुकाट्याने वगळली जाते. ‘सुडो डॅश एल’ लिहिले, की आपल्याला काय काय करायची मुभा आहे ते दिसते.

नियम अरुंद लिहावा, कमांडचा पूर्ण मार्ग द्यावा. वेबसर्व्हर पुन्हा सुरू करण्यापुरती परवानगी देणे ठीक. पण एकच फाइल बदलायची आहे म्हणून ‘व्हिम’ हा मजकूर-संपादक रूटच्या नावाने चालवू दिला, तर त्यातूनच शेल, म्हणजे हवी ती कमांड चालवून देणारा प्रोग्राम, उघडता येतो आणि सगळे यंत्र हाती लागते. अशा कामासाठी ‘सुडोएडिट’ आहे: संपादक साध्या वापरकर्त्याच्याच अधिकाराने चालतो, फाइलीची प्रत बदलते आणि शेवटी ती मूळ जागी ठेवली जाते. ‘हे शेल सोडून बाकी सर्व’ अशी वजाबाकीची परवानगी तर देऊच नये. तेच शेल दुसऱ्या नावाने कॉपी करून चालवले, की नियम निकामी होतो.

परवानगी तपासण्याआधीच सुडो स्वतः रूट म्हणून चालू झालेली असते, त्यामुळे तिच्यातला दोष महागात पडतो. जानेवारी २०२१ मध्ये क्वालिस कंपनीने ‘बॅरन सामेडिट’ हा दोष उघड केला. २०११ पासून कोडमध्ये असलेल्या या दोषामुळे, सुडोअर्समध्ये नाव नसलेला स्थानिक वापरकर्ताही रूट होऊ शकत होता. सुडोचा आकार आणि गुंतागुंत खटकल्याने ओपनबीएसडी या युनिक्स धर्तीच्या प्रणालीने २०१५ मध्येच टेड उनांगस्ट यांनी लिहिलेली ‘डूअ‍ॅज’ ही छोटी कमांड स्वीकारली होती. ‘सुडो-आरएस’ हे रस्ट भाषेतले पुनर्लेखन उबुंटूने २५.१० या आवृत्तीत मूळ सुडोच्या जागी बसवले.