इनले वेगळं, मार्केट्री वेगळी

फुलापानांची नक्षी असलेलं जुनं फ्रेंच कपाट दिसलं की आपल्याकडे सरसकट ‘काय सुंदर इनले आहे’ म्हणतात. बहुतेक वेळा ते इनले नसतंच, ती मार्केट्री असते.

इनले आपल्या ओळखीचं आहे. भरीव लाकडात पटाशीने खाच पाडायची आणि तिच्यात हस्तिदंत, पितळ किंवा दुसरं लाकूड बसवायचं. आबनूस आणि हस्तिदंत जडवलेली सतराव्या शतकातली गोव्याची सागवानी कपाटं याच जातीची.

मार्केट्रीत खाच पाडतच नाहीत, आणि घोळ होतो तो इथेच. फूल हा कापलेला तुकडा, तशीच फुलामागची जमीनही कापलेलीच. लाकडाचे पातळ पापुद्रे, म्हणजे व्हिनिअर, एकावर एक रचून बारीक पात्याच्या करवतीने एकदम कापतात. मग एकातलं फूल दुसऱ्याच्या भोकात नेमकं बसतं. अख्खं चित्र असं जुळलं की ते बहुधा ओकच्या साध्या सांगाड्यावर सरसाने चिकटवतात. पाकळीच्या कडेची सावली रंगवलेली नसते, तो तुकडा तापलेल्या वाळूत धरून करपवलेला असतो.

फ्रेंच फर्निचर-कारागीर आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) पितळेचा पत्रा आणि कासवाचं कवच असंच एकत्र कापत असे. एका कापणीत दोन संच निघत: कवचाच्या जमिनीवर पितळी वेल आणि पितळेच्या जमिनीवर कवचाची वेल. खाचा पाडून हे साधणार नाही. व्हर्सायमधलं पंधराव्या लुईचं लिहायचं टेबलही मार्केट्रीचंच. ओबेन या कारागिराने ते १७६० मध्ये हाती घेतलं, त्याच्या मृत्यूनंतर रीझनेर या दुसऱ्या कारागिराने १७६९ मध्ये पुरं केलं.

पार्केट्री म्हणजे भौमितिक आकृत्यांची मार्केट्री. त्यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

‘व्हिनिअर आहे, म्हणजे हलका माल’ हे ऐकलं की मला राग येतो. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये भरीव लाकडाच्या खुर्च्या करणारा कारागीर वेगळा आणि व्हिनिअरचं काम करणारा ‘एबेनिस्त’ वेगळा. राजाचं हे टेबल एबेनिस्तांच्याच हातचं.

घरी असा एखादा नग असेल तर ड्रॉवरची कड उजेडात धरून बघा. दीड-दोन मिलिमीटरचा थर वेगळा दिसला, तर त्यावर पॉलिश पेपर मारायला कुणालाही देऊ नका. भरीव लाकूड एक हात घासलं तरी उरतं. इथे करपवलेली सावली पुसली जाते आणि खालचा ओक वर येतो. सुटलेला तुकडाही सरसानेच बसवून घ्या. सरसाचा जोड ऊब आणि ओलाव्याने पुन्हा सोडवता येतो, बाजारातला पांढरा गोंद तसा सुटत नाही.