मुत्त, जट आणि कायदा: यल्लम्माच्या डोंगराभोवतीचा लढा

मुलगी देवाला सोडणं, म्हणजे तिला देवदासी करणं, बेळगाव जिल्ह्यात १९३४ पासून बेकायदा आहे. तेव्हा जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि त्या इलाख्याच्या देवदासी संरक्षण कायद्याने सोडलेल्या बाईचं लग्नही वैध ठरवलं होतं. १९५६ साली जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेला. पुढे कर्नाटकाने १९८२ साली स्वतःचा कायदा केला. दोन कायद्यांत जवळपास पन्नास वर्षांचं अंतर, आणि या सगळ्या काळात याच जिल्ह्यातल्या सौंदत्तीला, यल्लम्मा देवीच्या डोंगरावर, मुत्त (देवाला सोडल्याची खूण असलेली मण्यांची माळ) बांधली जातच होती.

याचं कारण विधीतच आहे. जोगनभावी या तिथल्या कुंडात आंघोळ, अंगाला कडुलिंब, कपाळी भंडारा, हातात परडी आणि जाणत्या जोगतिणींच्या (यल्लम्माला सोडलेल्या बायकांच्या) हातून गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ, एवढ्यावर काम भागतं. त्याला मोठं देऊळ लागत नाही, की पुजारीही लागत नाही. डोंगरावर पोलिसांचा पहारा बसला तसा विधी गावातल्या लहान देवळात, मग घराच्या परड्यात, रात्रीच्या वेळी होऊ लागला. मण्यांच्या माळेची पावती कुणी फाडत नाही, त्यामुळे पुरावा राहत नाही.

मुली सोडण्यामागे श्रद्धा होती, तसा हिशेबही होता. सोडलेल्या बहुतेक मुली दलित घरांतल्या असत. घरात मुलगा नसला की एक मुलगी ठेवून घ्यायची. ती सासरी जात नाही, कमाई घरातच राहते, म्हातारपणी आईबापांना बघते. आजारपणाचा नवस आणि डोक्यात आलेली जट ही आणखी दोन कारणं. वयात आल्यावर ‘झुलवा’ लागे, म्हणजे एखाद्या पुरुषाने तिला ठेवून घ्यायचं. त्याने सोडलं की सांगली, पुणे, मुंबईच्या वेश्यावस्त्यांची वाट. मंगळवार-शुक्रवारचा जोगवा तेवढा लोकांना दिसे.

विरोधाची सुरुवात मात्र बायकांनीच केली, असं म्हणायला आधार आहे. दलित सुधारक शिवराम जानबा कांबळे यांच्या ‘सोमवंशीय मित्र’ या पत्रात १९०८-०९ च्या सुमारास शिवूबाई नावाच्या मुरळीने आपल्या जिण्याबद्दल स्वतः लिहिलं. ती खंडोबाला सोडलेली मुरळी, यल्लम्माची जोगतीण नव्हे. पण दुखणं एकच. १९३६ साली डॉ. आंबेडकर मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये वाघ्ये, मुरळ्या, देवदासी आणि जोगतिणींपुढे बोलले आणि हे जिणं सोडा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सीमेपलीकडे महाराष्ट्रात गडहिंग्लजला १९७५ साली देवदासींची परिषद भरली. सौंदत्तीच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्या याच पट्ट्यातून निघतात, त्यामुळे तिथली चर्चा निपाणी-चिकोडीकडे पोचायला वेळ लागला नाही.

१९८२ च्या कायद्याचा तपशील नीट पाहायला हवा. मुलगी सोडणाऱ्याला किंवा त्याला हातभार लावणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. आईबाप किंवा नातेवाईक असतील तर शिक्षा वाढे: किमान दोन, कमाल पाच वर्षं. हेतू चांगलाच होता, पण यातून एक पेच झाला. मुलगी जर तक्रार करायला गेली तर तुरुंगात जाणार तिची आई, आणि ती आईही बहुधा स्वतः देवदासी. मुली गप्प बसल्या, यात नवल नाही.

हा पेच जवळून माहीत असलेल्या बायकाच पुढे आल्या. घटप्रभा भागात १९९० च्या दशकात मायराडा संस्थेच्या मदतीने बचतगट उभे राहिले आणि १९९७ साली माजी देवदासींची स्वतःची संस्था झाली: महिला अभिवृद्धी मत्तू संरक्षण संस्थे, थोडक्यात ‘मास’. लहानपणीच सोडल्या गेलेल्या सीतव्वा जोडट्टी तिच्या प्रमुख झाल्या. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. सरकारी माणसाला जे दिसत नाही ते या बायकांना दिसतं. मार्गशीर्ष किंवा माघ पौर्णिमेच्या आधी मुलगी शाळेतून गायब होते, घरात नवी परडी येते, तिचे केस विंचरणं थांबतं. अशा वेळी पोलिसांच्या आधी तिच्या आईशेजारी जाऊन बसायचं असतं. दंड आणि तुरुंग दाखवून एक विधी टळतो, पण तो दुसऱ्या गावात होतो. बचतगटातून कर्ज, मुलीला वसतिगृह, आईला शेळ्या, अशी सोय लावली तरच तो खरोखर टळतो.

जटेचं काम याहून नाजूक. केस न विंचरल्याने, तेल-मळ-उवांनी गुंता घट्ट होतो आणि लोक त्याला ‘आई आली’, म्हणजे देवी आली, म्हणतात. त्यावर भंडारा पडत गेला की गुंता सुटण्यापलीकडे जातो. वजनाने मान दुखते, खाली ओल राहून टाळूला जखमा होतात. कापायला तासभर पुरतो. खरा वेळ आधीच्या बोलण्यात जातो. कापल्यावर रक्त येईल, घरात कुणी मरेल, ही भीती हसण्यावारी नेली की बाई पुन्हा दार उघडत नाही. ती पूर्ण ऐकून घ्यायची, घाई करायची नाही, सासू-नवऱ्यालाही विचारायचं. टाळूपासून बोटभर अंतर ठेवून एकेक जट वेगळी कापतात, मग उवांचं औषध, कोमट पाणी, तेल. रॉकेल लावू नये, जखम चिघळते. कापलेली जट नदीत सोडायची की डोंगरावर न्यायची, हे त्या बाईनेच ठरवावं. पुढचे काही आठवडे विचारपूस सोडू नये, कारण त्या काळात घरात साधा ताप आला तरी दोष कात्रीवर येतो.

सध्याचा मोठा वाद मोजणीचा आहे. १९९३-९४ आणि २००७-०८ च्या पाहण्यांत मिळून राज्यात ४६,६६० देवदासी नोंदल्या गेल्या. मासिक मदत आणि घरकुल याच यादीवरून मिळत आलं. १९८२ नंतर सोडलेल्या तरुण बायका नाव सांगायला कचरतात, कारण नोंद म्हणजे आईविरुद्ध कबुलीजबाब. त्यांच्या मुलांची अडचण वेगळीच: शाळेच्या, जातीच्या दाखल्याच्या प्रत्येक अर्जावर वडिलांच्या नावाचा रकाना असतो. ही सक्ती काढावी आणि यादी पुन्हा उघडावी, अशी या बायकांच्या संघटनांची मागणी राहिली आहे. २०२५ साली कर्नाटक विधिमंडळाने मंजूर केलेल्या नव्या विधेयकात मुलांच्या हक्कांचा मुद्दा आला आहे. आता तालुक्याच्या कचेरीतला कारकून तो रकाना रिकामा असलेला अर्ज घेतो का, हे पाहायचं.